मैनाबाईचा अंगठा आणि शास्त्रीबुवांची वाटी

पळसखोरे हे गाव तसे आडबाजूचे. एक देवीचे देऊळ, पाऊणशे उंबरा आणि डोंगराच्या पोटाशी दोन कोसांवर वरची वाडी. या गावी श्री घोंगडीमहाराज माघ महिन्याच्या अखेरीस आले आणि देवळाच्या ओवरीत राहिले. बाराही महिने अंगावर एकच घोंगडी, म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव दिले होते. खरे नाव कोणी विचारलेच तर महाराज म्हणत, "ते आईनं ठेवलं होतं. तिच्यामागं ते कोणी हाक मारायला वापरलं नाही." महाराज प्रवचन करीत नसत. ज्याच्या घरी काम चालले असेल तिथे जाऊन बसत, हाताला लागेल ते काम करीत, आणि भाकरी मिळाली की उठत. अशा साध्या बसण्याउठण्यातून त्यांनी केवढे मोठे काम केले, ते ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक! त्यातलीच ही एक गोष्ट आहे.

गावात सटवाजी ओतारी राहत असे. ओतारी म्हणजे धातू ओतून घंटा, समया, देवाच्या मूर्ती घडवणारा कारागीर. या कामाची रीत अशी, की आधी हवी ती वस्तू मेणाची करायची. तिच्यावर बारीक माती, शेण आणि कोळशाची पूड यांचे थर द्यायचे. मग साचा भट्टीवर धरला की आतले मेण वितळून भोकातून वाहून जाते, आत त्या वस्तूच्या आकाराची पोकळी राहते, आणि तिच्यात धातू ओतायचा. साचा फोडला की वस्तू हाती येते. एका साच्यातून एकच वस्तू निघते. चुकली तर मेणही गेले आणि साचाही गेला.

मेणाचे काम सटवाजीची बायको मैनाबाई करी. तिचा हात असा, की पाचपन्नास गावांत तिच्या घंटांची नक्षी लोक लांबून ओळखत. तिची एक सवय होती. मेणाचे काम पुरे झाले की ती त्याच्यावर आपला अंगठा टेकवी, "झालं बाई तुझं" असे म्हणे, आणि मग बोट ओले करून तो ठसा पुसून टाकी. देवाच्या वस्तूवर आपली खूण ठेवायची नाही, असा तिचा नेम होता. गेल्या कार्तिकात देवीची तडकलेली घंटा नवी करायचे गावाने ठरवले, तेव्हा मैनाबाईने मेणाची घंटा केली. वरच्या कडीपाशी अंगठा टेकवला. त्या दिवशी अंगात ताप होता. उद्या पुसते म्हणाली आणि जाऊन पडली. ती उठली नाही. आठव्या दिवशी सटवाजी एकटा राहिला, आणि कडीपाशी तो ठसा तसाच राहिला.

पौष गेला, माघ आला, तरी सटवाजी त्या घंटेला हात लावीना. रोज सकाळी तो शाळेच्या मुलासारखा त्या मेणासमोर बसे आणि दुपारी उठून जाई. साचा करायचा म्हणजे मेण वितळवायचे. मेण वितळवायचे म्हणजे तिचा अंगठा आपल्या हाताने भट्टीत घालायचा. आणि तसेच ठेवावे म्हटले, तर उन्हाळा तोंडावर आलेला. एकदा चैत्राचे ऊन तापले की मेण बसते, आकार सोडते. ठेवले तरी जाणार आणि ओतले तरी जाण्याची भीती, अशा कात्रीत तो सापडला होता.

आता त्र्यंबकशास्त्र्यांविषयी सांगितले पाहिजे. शास्त्रीबुवा विद्वान होते, यात शंका नाही. तरुणपणी बारा वर्षे काशीला राहून आले, तेव्हा देवळाच्या सभामंडपात त्यांनी गावाला सांगितले, की हे दिसते ते सगळे खोटे आहे. देह खोटा, माती खोटी, एक चैतन्य तेवढे खरे. त्याच सुमारास मैनाबाईची दोन महिन्यांची मुलगी गेली. शास्त्रीबुवांनी दारात येऊन तिची समजूत घातली, की बाई, देह हे स्वप्न आहे, स्वप्नासाठी रडू नये. मैनाबाई तेव्हा भिंतीला टेकून बसली होती. ती एवढेच म्हणाली, "सपान व्हतं, तर माझ्या अंगाला दूध का फुटतंय?" शास्त्रीबुवांना याचा राग आला.

पुढे ते शहरात गेले. तिथे पाचसहा वर्षे नव्या विद्येची पुस्तके वाचून परतले, ते अगदी दुसरे टोक गाठून. आता ते सांगू लागले, की चैतन्य वगैरे काही नाही. जे तोलता येते, मोजता येते, तेवढेच आहे. विचार हा मेंदूचा घाम आणि नाद ही धातूची थरथर. गाव ऐकून घेई. म्हातारी माणसे आपसात हसत, की बुवांचे मत पार उलटले, पण ते सांगतानाचा आवाज काही बदलला नाही. मत कोणतेही असो, समोरचा अडाणी ठरला म्हणजे शास्त्रीबुवांना बरे वाटे. मैनाबाई गेली तेव्हा ते सटवाजीला म्हणाले, "ती माती होती, मातीत गेली. आता रोज मेणासमोर काय बसतोस? मधमाश्यांची विष्ठा ती." चारचौघांत म्हणाले. लोक हसले, आणि सटवाजी मान खाली घालून घरी आला.

फाल्गुनाच्या पहिल्या दिवसांत महाराज त्याच्या छपरात येऊन बसले. त्यांनी काही विचारले नाही. कोपऱ्यात कोळसे होते, ते खलबत्त्यात घालून कुटू लागले. दोन दिवस ते नुसते कोळसे कुटत होते. तिसऱ्या दिवशी सटवाजीलाच राहवले नाही.

"म्हाराज, एक विचारू? मेण गेल्यावर ती कुठं ऱ्हाईल?"

महाराज कुटता कुटता म्हणाले, "चाळीस वर्षं मेण जाळतोयस तू. मी कधी जाळलं नाही. तूच सांग, मेण गेल्यावर आत काय राहतं?"

इतक्या वर्षांत हे सटवाजीच्या मनातच आले नव्हते.

"जागा ऱ्हाती, म्हाराज," तो म्हणाला. "रिकामी. पर तिच्याच आकाराची."

"मग त्या जागेला जप," महाराज म्हणाले आणि कुटलेली पूड त्याच्यापुढे सरकवली.

सटवाजी त्या वेळी खूप रडला, आणि रडून झाल्यावर माती भिजवायला उठला. पहिला थर त्याने बोटाने न लावता मोराच्या पिसाने लावला. कडीपाशी तर श्वास रोखून धरला. सात दिवसांत साचा पुरा झाला, आणि मग त्याच्या लक्षात आले, की आपल्या हातून मोठी चूक झाली. ओताऱ्यांचा नियम असा, की माती चढवण्यापूर्वी मेण तोलायचे. एक शेर मेणाला नऊ शेर काशे लागते. त्याच्या आज्याने शिकवलेला नियम तो आयुष्यात कधी विसरला नव्हता. या वेळी मात्र मैनाबाईचे ते मेण तागडीत टाकायला त्याचा हात धजावला नव्हता. उद्या तोलू, उद्या तोलू असे करता करता साचा मिटला होता.

गावाने तडकलेली घंटा आणि घराघरांतले सगळे काशे दिले होते. ते एकूण सव्वीस शेर भरले, आणि ते तोलून सांभाळायचे काम अर्थातच शास्त्रीबुवांकडे होते. साच्यातून मेण काढले तेव्हा ते स्वतः तागडी घेऊन आले. वाहून आलेले मेण त्यांनी परातीत धरून तोलले. सव्वादोन शेर भरले. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला, की वीस शेरांपेक्षा थोडे अधिक काशे पुरे, वर पाऊण शेर ओतण्याच्या नळीसाठी. एकवीस शेर दिले म्हणजे झाले.

सटवाजी हात जोडून म्हणाला, "बुवा, सगळंच द्या. थोडं मेण माती पिती, थोडं आगीत जातं. ते तागडीत येत न्हाई."

"किती पिते माती?"

"ते सांगता यायचं न्हाई."

"मग ते नाहीच," शास्त्रीबुवा म्हणाले. "तोलता येतं तेवढंच असतं, सटवाजी. हे तुला कोणी शिकवलं नाही, त्याला तू तरी काय करणार?"

उरलेले पाच शेर काशे त्यांनी त्याच दिवशी वरच्या वाडीला झांजांसाठी पाठवून दिले. आपण काटकसर केली याचे त्यांना समाधान होते.

ओतण्याचा दिवस फाल्गुन पौर्णिमेच्या आदला. सकाळी भट्टी पेटली. सारे गाव जमले. महाराज एका बाजूला घोंगडी पांघरून बसले होते आणि शास्त्रीबुवा पुढे उभे होते. साचा जमिनीत पुरलेला, नळीचे तोंड वर. धातू वितळवायची मूस लाल झाली, काशाला तेज चढले, सटवाजीने देवीचे नाव घेऊन ओतायला सुरुवात केली. धार तुटू द्यायची नसते, ती त्याने तुटू दिली नाही. आतून हवा फुसफुसत बाहेर येत होती. मग मूस रिकामी झाली, आणि नळीच्या तोंडाशी काही आले नाही.

सटवाजीने वाकून आत पाहिले. खाली धातूचा लाल डोळा दिसत होता. वर चार बोटे जागा रिकामी होती. ही चार बोटे कशाची, हे त्याला कोणी सांगायला नको होते. घंटेचे अंग भरले होते, वर कडी राहिली होती, आणि कडीपाशी अंगठा राहिला होता. काशे ओतल्यावर फार वेळ थांबत नाही. एकदा ते आळले, की वरून ओतलेले त्याला धरत नाही. तो मटकन खाली बसला. "गेली," एवढेच म्हणाला.

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. कोणी म्हणाले काशे आणा, पण आणणार कुठून? गावातले सगळे आधीच दिलेले, आणि वरची वाडी दोन कोस.

तेव्हा महाराज उठले. सावकाश साच्यापाशी आले, खाली बसले आणि त्यांनी आपला उजवा तळवा त्या तापलेल्या मातीवर ठेवला. भाकरी टाकली असती तर करपली असती, इतकी ती माती तापली होती. बायकांनी तोंडाला पदर लावले. महाराज शांतपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमच्या माजघरातल्या कोनाड्यात काशाची वाटी आहे. ती आणा."

शास्त्रीबुवा एकदम पांढरे पडले. त्या वाटीविषयी गावात कोणालाच माहीत नव्हते. घराघरांतून काशे गोळा करताना त्यांनी स्वतःच्या घरातले काही उरले नाही असे सांगितले होते.

"महाराज," ते म्हणाले, आणि त्यांचा तो नेहमीचा आवाज कुठल्या कुठे गेला होता, "ती माझ्या आईची आहे."

"म्हणूनच मागतो."

शास्त्रीबुवा जागचे हलले नाहीत. लोकांच्या लक्षात हळूहळू सगळे आले. जो माणूस सटवाजीच्या चाळीस वर्षांच्या संसाराला माती म्हणत होता, त्याने आईची तेलाची वाटी जपून ठेवली होती. लहानपणी ताप आला, उष्णता झाली, की आई त्या वाटीने त्यांचे तळपाय गार पडेपर्यंत चोळीत असे. कोणीतरी मागून हसले. आता शास्त्रीबुवांची चांगली जिरली, असे पुष्कळांना वाटले असेल. पण सटवाजीला तसे वाटले नाही. ही त्या माणसाची थोरवी. तो उठला, शास्त्रीबुवांजवळ गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "नका आणू, बुवा. वाटी म्हंजी काय, ते मला ठावं हाय. माझ्या अंगठ्यापायी तुमची वाटी न्हाई जाळायची."

हसणारे गप्प झाले. शास्त्रीबुवांनी सटवाजीकडे पाहिले, जणू हा माणूस ते आजच पाहत होते. मग धोतर वर खोचून ते पळत सुटले. साठीच्या शास्त्रीबुवांना गावाने पळताना प्रथमच पाहिले.

वाटी आली. लहानशीच, कड झिजलेली. सटवाजीने चिमट्याने धरलेली मूस पुढे केली. शास्त्रीबुवांची बोटे सुटेनात. त्यांनी वाटीचा तळ एकदा गालाला लावला आणि स्वतःच्या हाताने ती मुशीत सोडली. भाते जोराने चालू झाले. वाटी वितळायला पुरी अर्धी घटका लागली, आणि तेवढा वेळ महाराजांचा हात साच्यावर होता. सटवाजी भाता ओढताना सारखा नळीत डोकावत होता. चाळीस वर्षे त्याने काशे ओतले होते, काशाचा स्वभाव त्याला पाठ होता. ते केव्हाच आळायला हवे होते. पण आतला तो लाल डोळा मिटला नाही. धातू थांबला होता. जड म्हणतात ज्याला, ते त्या दिवशी एका म्हाताऱ्या ओताऱ्यासाठी वाट पाहत होते. केवढी ही महाराजांची कृपा!

सटवाजीने वाटीचे काशे ओतले. ते खालच्याला मिळाले, चढत आले आणि नळीच्या तोंडाशी येऊन थांबले. थेंबभर उरले नाही की कमी पडले नाही.

महाराजांनी तेव्हा हात काढला. लोक देवीचा जयजयकार करीत होते, म्हणून कोणी पाहिले नाही, पण सटवाजीने पाहिले. महाराजांचा तळवा फोडांनी भरला होता. त्याने डोक्याचा फेटा फाडून कोरफडीच्या गराची पट्टी बांधली. शास्त्रीबुवा जवळच होते. त्यांनीही पाहिले, आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, "महाराज, एक वेळ मी सगळं चैतन्य म्हणालो. एक वेळ सगळं जड म्हणालो. यातलं खरं काय?"

महाराज पट्टीकडे बघत म्हणाले, "मला एवढं कुठलं कळतं? माझा हात भाजला, हे खरं. मी तो काढला नाही, हेही खरं. यातलं कोणतं खोटं म्हणायचं ते तुम्हीच बघा."



दुसऱ्या दिवशी सकाळी साचा फोडला. सटवाजीने कडीपासची माती नखाने काढली, पाण्याने धुतली, आणि तिथे मैनाबाईचा अंगठा होता. त्यावरच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या. तिच्या अंगठ्याला एका बाजूला सुरी लागल्याचा जुना वण होता, तोही उमटला होता. सटवाजीला राहून राहून हे आठवत होते, की तिचा ठसा पुसायचा राहिला आहे. त्याने बोट ओले केले आणि तिच्यासारखेच त्यावरून फिरवले. ठसा हलला नाही. मग त्याने आपला अंगठा त्यात टेकवून पाहिला. त्याचा मोठा, तिचा लहान, तो काही आत बसला नाही. "झालं बाई तुझं," तो म्हणाला.

पौर्णिमेला घंटा देवळात चढली. पहिला टोल कोणी द्यायचा यावर गावात थोडी बाचाबाची झाली. पाटलांचा मान होता. पण महाराजांनी सटवाजीला पुढे बोलावले. त्याने दोरी हातात घेतली आणि टोल दिला.

ज्यांनी तो नाद ऐकला, ते सांगत, की तो कानांनी ऐकावा लागला नाही. तो खांबांत उतरला, फरशीत उतरला, आणि फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या अंगात शिरला. शास्त्रीबुवा सभामंडपातल्या ज्या खांबापाशी उभे राहून गावाला शिकवीत आले होते, त्याच खांबाला धरून उभे होते. नाद विरत गेला, तसे ते खाली आपल्या पायांकडे पाहू लागले. त्यांचे डोळे भरून आले होते. पुढे होऊन त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्यांना उठवले आणि काही न बोलता सटवाजीकडे बोट केले.

शास्त्रीबुवा वळले. गावातला सगळ्यात मोठा विद्वान त्या अडाणी ओताऱ्यापुढे वाकला, तेव्हा सटवाजी घाबरून मागे सरकला, पण बुवांनी त्याचे पाय धरूनच ठेवले होते.

"सटवाजी," ते म्हणाले, "अहो, माझे तळपाय गार पडले."